लॅपटॉपमधलं काळं तांबं

त्या हिवाळ्यात आमच्या घरी माय आणि माझा लॅपटॉप एकदमच आजारी पडले. मायला काय झालं ते कोणालाच कळत नव्हतं, आणि लॅपटॉपला काय झालं ते मला बरोबर कळतं असा माझा ठाम समज होता. म्हणून मी लॅपटॉपच्या मागे हात धुऊन लागले. आज हे लिहायला बसले तरी अंगावर काटा येतो.

पुण्याच्या कंपनीनं ऑफिस बंद करून आम्हा सगळ्यांना घरून काम करायला सांगितलं होतं, म्हणून मी आमच्या गावी, साकोलीजवळच्या एकोडीला आले होते. घरात माणसं तीनच. माय, धाकटा भाऊ आणि मी. बाबा मी शाळेत होते तेव्हाच गेले, भंडारा जिल्ह्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला त्याच सुमारास. शेती भाऊ बघतो. मी पोचले तेव्हा धान कापून, मळून घरात येऊन पडलं होतं. खरेदी केंद्र उघडत नव्हतं, उघडलं तर त्यांच्याकडे बारदाना, म्हणजे रिकामी पोती नव्हती, बारदाना आला तर आमचा नंबर लागत नव्हता. तोवर मधल्या खोलीत छताला टेकेल अशी पोत्यांची थप्पी, आणि उरलेल्या जागेत मायची खाट. धान घरात आहे तोवर माय धानापाशीच निजणार, हा आमच्या घरचा नेम. तिची आईही तशीच निजायची म्हणे. "भरलं धान एकटं टाकून दुसरीकडे निजाले मी काय पावनी आहो का या घरची?" असं ती विचारायची, आणि तिच्याशी वाद घालायची कोणाची छाती नव्हती.

मोबाइलची रेंज धरायची ती नेमकी त्याच खोलीच्या खिडकीशी. मग मी माझं टेबलही तिथंच टाकलं. दिवसभर एका अंगाला धान, दुसऱ्या अंगाला मी, मध्ये मायची खाट. संध्याकाळी काम संपलं की लॅपटॉप तिथंच मिटून ठेवायचा आणि निजायला समोरच्या खोलीत जायचं. भाऊ ओसरीत निजायचा. थंडी अशी मरणाची होती की खिडकी मी रेंजपुरती बोटभर उघडायची आणि उठताना पक्की लावून घ्यायची.

लॅपटॉप माझा स्वतःचा, त्यात विंडोजऐवजी लिनक्स टाकलेलं. आमच्या टीममध्ये लिनक्सवर हटून बसलेली मी एकटीच, त्यामुळे माझं काही अडलं की बाकीचे हसायला टपलेलेच असायचे. घरी भाऊही कमी नव्हता. "ताई, फुकटातली सिस्टीम आन दिवसभराचा ताप," म्हणायचा. मी त्याला ऐकवायची, "तुझा पंप बंद पडला का तू त्याच्यापाशी मांडी घालून बसतो, तवा मी काही म्हणतो का तुले?"

बिघाड सुरू झाला तो कीबोर्डखालच्या उजेडापासून. बटणांच्या खालून एक मंद पांढरा उजेड यायचा, तो एका सकाळी आलाच नाही. मी म्हटलं, जाऊ दे, आत्ताच अपडेट केलं आहे, त्यात काहीतरी हललं असेल. आम्हा लिनक्सवाल्यांची ही खोडच आहे. काहीही बिघडलं की आधी अपडेटच्या नावानं बोटं मोडायची.

मग पडदा मंदावला. उजेड वाढवायचं बटण दाबलं की कोपऱ्यात छोटी पट्टी यायची, भरत भरत पूर्ण भरायची, आणि पडदा आपला तसाच मलूल. माझं डोकं फिरलं. मी टर्मिनल उघडलं, म्हणजे ती काळी खिडकी, जिच्यात हुकूम टाइप करून यंत्राशी थेट बोलता येतं. लिनक्समध्ये पडद्याच्या उजेडाची एक फाइल असते, तिच्यात एक आकडा असतो. आकडा वाढवला की उजेड वाढतो, इतकं सरळ. मी आकडा वाढवला. फाइलनं मुकाट्यानं तो घेतला. पडदा ढिम्म. "अगं भवाने, घेतलास ना आकडा? मग उजेड कुठं गेला?" मी मोठ्यानं ओरडले. चुलीपाशी बसलेल्या मायला वाटलं मी फोनवर कोणाला बोलून राहिले. तिनं विचारलं, "कोनासंगं भांडून राहिली वं सकाळी सकाळी?"

त्या सकाळी विचारलं तिनं, पण आवाजात दमच नव्हता. मी वळून बघितलं तर ती चुलीपाशी भिंतीला डोकं टेकून बसली होती, आणि चहा कपातच गार झाला होता. चहा टाकून देणारी बाई नव्हे आमची माय. धानाच्या रोवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात उभी राहून बायांना गाणी सांगणारी, घरी येऊन पुन्हा भाकरी थापणारी. मी तिच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. "डोस्कं ठणकते, आन मळमळते," एवढंच म्हणाली.

साकोलीच्या डॉक्टरांनी पित्त म्हणून गोळ्या दिल्या. दुपारी अंगणात उन्हात बसली की तिला जरा बरं वाटायचं, दोन घास जायचे. सकाळी पुन्हा तेच. काही दिवसांनी उलट्या सुरू झाल्या, छातीत धडधड व्हायला लागली. रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, वय झालं, थंडी आहे, आराम द्या. आम्ही आराम दिला. चुलीपाशी जाऊ दिलं नाही, अंगणात बसू दिलं नाही, वारं लागेल म्हणून. मधल्या खोलीत खाटेवर निजवायचं, वरून गोधडी, दार लोटलेलं. भाऊ तर तिला पाणीही खाटेवरच नेऊन द्यायचा. आणि ती दिवसेंदिवस सुकत चालली. तिच्या हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या.

मी तिच्याजवळच बसून असायची ना, तेच टेबल, तीच खुर्ची. मलाही डोकं जड वाटायचं. पण मी म्हणायची, अंधुक पडद्याकडे डोळे फाडून बघते आहे, डोकं नाही दुखणार तर काय होणार? झालं, सगळा राग पुन्हा लॅपटॉपवर.

मी काय काय केलं, विचारू नका. कर्नल म्हणजे या सगळ्या यंत्रणेचा गाभा. सुरू होताना त्याला एक ओळ देता येते, की बाबा रे, पडद्याचा उजेड या पद्धतीनं सांभाळ. ती ओळ मी चारही प्रकारे लिहून बघितली. जुना कर्नल निवडून बघितला. दुसरं लिनक्स पेनड्राइव्हवर घेऊन त्यावरून चालू केलं, तरी पडदा तसाच. इथंच मला समजायला हवं होतं, की दोन वेगवेगळ्या लिनक्सना एकच रोग होत नसतो. पण मी हट्टाला पेटले होते. मी म्हटलं, दोन्हीत एकच चूक असणार.

तेवढ्यात बटणं मरायला लागली. आधी एन्टर, मग त्याच्या शेजारची, मग खालच्या रांगेतली तीन-चार. लिनक्समध्ये एक सोय आहे, तुम्ही बटण दाबलं की पडद्यावर त्याचा नंबर उमटतो. मी एकेक बटण दाबत गेले. काही नंबर यायचे, काही जागी काहीच नाही, जसं दार वाजवावं आणि घरात माणूसच नसावा. बाहेरून दुसरा कीबोर्ड लावला तर सगळी बटणं चालली. म्हणजे बिघाड आतल्या कीबोर्डात. मी कपाळावर हात मारला. एका वेळी उजेडही जातो आणि बटणंही जातात, हे कसलं अपडेट?

आणि एका दुपारी पडदा पूर्णच काळा झाला. यंत्र चालू होतं, आतला पंखा फिरत होता, पण समोर नुसता अंधार. मी मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून पडद्याला अगदी नाक लावून बघितलं, तर आत सगळं होतं! माझं अर्धवट टाइप केलेलं पान, वरची पट्टी, घड्याळ, सगळं फिकं, पाण्याच्या तळाशी पडल्यासारखं. चित्र येत होतं, मागचा दिवा मेला होता. खाटेवरून मायनं क्षीण आवाजात विचारलं, "मेला का वं तुझा डब्बा?" मी म्हटलं, "नाही माय, जिवंत आहे, फक्त उजेड गेला." ती म्हणाली, "माझ्यासारखंच मंग," आणि हसायला गेली तर तिला ओकारीची उबळ आली. मी तिची पाठ चोळत बसले. त्या दिवशी भावानं ठरवलं, परवा हिला नागपूरला न्यायचंच, काय व्हायचं ते होवो.

लिनक्सवाल्यांचा एक ग्रुप होता, देशभरातली माणसं, कोणी कोणाला तोंडानं ओळखत नाही. मी मोबाइलवरून तिथं माझं सगळं रामायण लिहिलं. त्यांनी हे चालवून दाखव, ते चालवून दाखव केलं. बाहेरचा कीबोर्ड लावून, टॉर्चच्या उजेडात मी दाखवलं. शेवटी एकानं लिहिलं, हा सॉफ्टवेअरचा प्रश्नच नाही, खोलून आतला फोटो टाका. हा माणूस आधी कधी काही बोललेला नव्हता, आणि नाव म्हणून नुसती दोन अक्षरं होती.

मी टेबलावर जुनी ओढणी पसरली, छोटा स्क्रूड्रायव्हर घेतला आणि लॅपटॉप उघडला. आत मोठी धूळ असेल असं वाटलं होतं. धूळ होती थोडी. पण मी बघतच राहिले. लॅपटॉपच्या आत उष्णता वाहून नेणारी तांब्याची एक चपटी नळी असते. नवा घेतला तेव्हा मीच त्यात रॅम टाकली होती, म्हणून ती नळी मी पाहिलेली, लख्ख लाल. आता ती तव्याच्या बुडासारखी काळी होती. कीबोर्डची जी पातळ पट्टी मदरबोर्डला, म्हणजे आतल्या मुख्य पाटीला जोडतात, तिच्या टोकाचे चमकणारे दात काळे. पडद्याकडे जाणाऱ्या वायरीचं टोकही तसंच. मी बोटानं पुसलं, जाईना. नखानं खरवडलं तर काळी भुकटी निघाली. मी मनाशी म्हटलं, ही कसली बला? पाणी सांडलं नाही, पावसाळा नाही, नदीकाठ नाही. मी फोटो काढले, टाकले, आणि खाली लिहिलं, "थंडीनं ओल धरली असेल का?"

उत्तर लगेच आलं. त्यात लॅपटॉपचा उल्लेख शेवटी होता. "या खोलीत धान्य साठवलं आहे का? त्याला कीड मारायच्या गोळ्या ठेवल्या आहेत का? असतील तर आधी तुम्ही खोलीबाहेर व्हा. सगळ्यांना बाहेर काढा. त्या गोळ्यांतून विषारी वायू निघतो, तो तांबं असंच काळं करतो. माणसाचं काय करतो ते मी लिहीत बसत नाही. लॅपटॉपचं नंतर बघू."

मी ते वाचलं. मग मान वळवून थप्पीकडे बघितलं. मग खाटेकडे. माय डोळे मिटून पडली होती, तोंड जरा उघडं.   मी अंगणाकडे धावले आणि भावाला हाक मारली. तो पंप खोलून बसला होता. माझं तोंड बघून त्यानं पाना हातातून टाकला. आम्ही दोघांनी मायला खाटेसकट उचललं. दारातून खाट निघेना, तिरपी केली, माय घाबरून "अवं पाडता का मले, पाडता का" करत होती, आणि तसंच आम्ही तिला अंगणात उन्हात आणून ठेवलं.

"गोळ्या टाकल्या का तू धानात?" मी भावाला विचारलं.

"टाकल्या न. सोंडे किती पडले होते. पाखरं उडून राहिले होते." तो गोंधळून म्हणाला. "पण त्याले काय झालं? मी काय अडाणी आहो का? कृषी केंद्रवाल्यानं सांगितलं तसंच केलं. वरून मोठी ताडपत्री, चारी बाजूनं काठ दाबून वर रेतीचे थैले ठेवले. बाहेर काहीच येत नाही. आन माय तशीही ताडपत्रीच्या भायेर निजते."

"मग हे काय?" मी त्याच्यासमोर मोबाइलमधला त्या काळ्या नळीचा फोटो धरला. त्याला नळीतलं काय कळणार? पण फोनवरचं उत्तर वाचून त्याचा चेहरा पांढरा पडला. तो तोंडाला दुपट्टा बांधून आत गेला, मी नको नको म्हणत असताना गेला, आणि क्षणात बाहेर आला. "मायच्या खाटेकडच्या बाजूनं थैलेच नाहीत," म्हणाला. "नीट एकावर एक रचून ठेवून आहेत. काठ नुसता लोटून आहे."

आम्ही दोघं मायकडे बघायला लागलो. ती उन्हाकडे डोळे किलकिले करून बघत होती. काय मोठंसं झालंय ते तिला कळतच नव्हतं.

"मीच काढले थैले," ती म्हणाली. "रोज काढतो. सायंकाळी बुद्धवंदना झाली, मेणबत्ती लावली, का ताडपत्री वर करून देतो. सकाळी पुन्हा झाकून वर थैले ठेवतो, नाही त हा बोंबलते; आज दम नव्हता, त काठ नुसता लोटला. अरे, यंदाचं धान वलंच आणलं तुम्ही. वल्या धानावर प्लास्टिक टाकून कोंडून ठेवाल त उबन नाही का? वास मारन, तांदूळ पिवळा पडन, केंद्रावर कोन घेईन? धानाले वारं लागाले पाहिजे. एवढं बी समजत नाही तुमाले?"

खरं सांगते, त्या क्षणी मला तिचा रागही आला नाही. कारण ती चुकीचं बोलत नव्हती. आमच्याकडे पोरं बोलायला लागायच्या आधी हे शिकतात, की ओलं धान कोंडू नये. भावानं डोकं दोन्ही हातांनी गच्च धरलं. आता त्याला आठवलं, गोळ्या टाकूनही सोंडे मरत नव्हते, म्हणून त्यानं पुन्हा टाकल्या होत्या, आणि मग आणखी पुन्हा. सोंडे मरणार कसे? वायू आत राहतच नव्हता. रोज संध्याकाळी ताडपत्री उघडली जायची आणि तो सगळा खाटेवर उतरायचा, बंद दार, बंद खिडकी, आणि माझी माय त्यात पहाटेपर्यंत गोधडी पांघरून. "किड्याईले मारतो म्हटलं अन मायले मारून राहिलो होतो मी," असं म्हणून तो गाडी मागायला शेजारी पळाला.

शेजाऱ्यांची गाडी काढली. साकोलीला थांबलोही नाही, थेट भंडारा. रस्त्यात मी मायचं डोकं मांडीवर धरून होते आणि ती मलाच समजावत होती, की एवढं काय घाबरून राहिली, डोस्कंच तर दुखते. दवाखान्यात डॉक्टरीण बाईंनी गोळ्यांचं नाव ऐकलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं. "किती दिवस?" त्यांनी विचारलं. आम्ही सांगितलं, काही आठवडे. "आणि ह्या चालत आल्या?" त्यांनी मायकडे बघितलं. मग आम्हाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "यावर उतारा असं औषध नाही. ऑक्सिजन देऊ, हृदयावर लक्ष ठेवू. हृदय सांभाळलं तर सगळं सांभाळलं. तुम्ही त्यांना आज आणलं नसतं तर मी काही सांगू शकले नसते." माझीही तपासणी केली, भावाचीही.

त्या बाकावर बसून माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोंघावत होती. ती उन्हात बसली की बरी व्हायची. आम्हाला दिसत होतं ते. आणि ती जितकी आजारी पडली तितकं आम्ही तिला उन्हातून उचलून त्या खोलीत जास्त ठेवलं, दार जास्त घट्ट लावलं, गोधडी जास्त वर ओढली. सेवा करत होतो आम्ही! गावातल्या बायाही म्हणायच्या, नशीबवान आहे बाई, लेकरं किती करतात हिचं. ते आठवून मला कोणीतरी कानाखाली लावावी असं वाटत होतं.  भाऊ नुसता मॉनिटरवरच्या हिरव्या रेघेकडे बघत बसायचा, रेघ जरा इकडेतिकडे झाली की नर्सला बोलवायला पळायचा, आणि नर्स त्याला हाकलून लावायची.

रेघ सांभाळली. हळूहळू मायनं पेज घेतली, मग तिखट नाही म्हणून कुरकूर केली, आणि ती कुरकूर ऐकून आम्हा दोघांच्या जिवात जीव आला. गावाकडे शेजाऱ्यांनी दारं-खिडक्या सताड उघडून खोली मोकळी केली होती. मी ग्रुपवर त्या माणसाला लिहिलं, की माय वाचली. त्यानं नुसतं "छान" असं लिहिलं.

मायला घरी न्यायच्या आदल्या दिवशी भावाला राहवलं नाही. इतके दिवस त्यानं तो विषय काढला नव्हता. तो खाटेच्या कडेला बसला आणि जवळजवळ भांडायच्या सुरातच म्हणाला, "माय, मले एकच गोष्ट समजत नाही. धानाले वारं द्याचं होतं, हे मानलं. पण धान वाळवाचं असलं त मानूस दिवसा उघडते. दिवसा ऊन असते, खिडकी उघडी राहते, आमी सारे जागे असतो. तू पन्नास वर्षं धान पाहून राहिली. मंग तू दिवसा झाकून ठेवून रातच्यानं काहून उघडत होती?"

खरंच की. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मीही वळून तिच्याकडे बघितलं.

मायनं त्याच्याकडे असं बघितलं, जणू त्यानं अगदीच पोरकट प्रश्न विचारला.

"दिवसा कशी उघडू?" ती म्हणाली. "दिवसा तिथं ताई बसते ना कामाले. त्या गोळ्याईचा वास भल्ला उग्र होता. पोरीचं डोस्कं दुखलं असतं."